क्रूसवाडीचा चौथा कोपरा

सत्तावन्न सालच्या जून महिन्यात माझं पोस्टिंग पलटणीच्या बँडात झालं. भरती झालो होतो रायफल चालवायला, गळ्यात पडला बेस ड्रम. आमच्या रोडपालीत मी आजही सांगतो की तो ढोल दोन वर्षांच्या वासराएवढा जड होता आणि तो पोटावर बांधून मी दिल्लीपर्यंत चालत गेलो. ढोल कोकराएवढा होता आणि दिल्लीला आम्ही रेल्वेने गेलो. पण निव्वळ खरं सांगायला लागलो तर पारावर माझ्याशेजारी बसणार कोण?

म्हणून वाचणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो. या लिखाणात जिथे मी फुशारी मारतोय असं वाटेल, तिथे खुशाल निम्मं वजा करा. जिथे मी घड्याळाची वेळ दिली आहे, तिथे काही वजा करू नका.

बँडात माझ्या डाव्या हाताला कॉर्नेट वाजवणारा एक काळा, उंच, खांद्याने रुंद गडी उभा राहायचा. पहिल्याच परेडला ढोलाचा पट्टा मानेला काचला आणि मी तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली. कॉर्नेटवाला समोरच बघत होता. ओठ न हलवता बोलला,

"ही शिवी पनवेलच्या बाहेर कोन देत नाय. कंचा गाव तुजा?"

"रोडपाली. तुजा?"

"क्रूसवाडी. गप ऱ्हा आता, सुभेदार बघतंय."

तो इनास. माझ्याहून वर्षाने सीनियर, पुढे लान्स नाईक झाला. क्रूसवाडी म्हणजे उरणच्या वाटेला मिठागरांच्या मागे दडलेली वीस-बावीस ख्रिस्ती घरं आणि एक जुनं चर्च. आमच्याकडून होडीने दीड तास. त्यांची बोली आमचीच, कालवण आमचंच, बायकांची लुगडी नेसायची तऱ्हाही जवळपास आमचीच. देव तेवढा वेगळा. माझा बाप त्यांच्या मिठागरावर कामाला जायचा. मी मात्र त्या वाडीत कधी पाऊल ठेवलं नव्हतं. पलटणीत आठशेच्या वर माणसं, आणि आमची बोली बोलणारे आम्ही दोघंच. तो मला बाला म्हणायचा. माझं पूर्ण नाव बाळाराम, पण आमच्याकडे एवढं लांब नाव हाक मारायला कोणाला सवड नसते.

आता सिव्हिलियन लोकांना एक गोष्ट ठाऊक नसते. लढाईत बँड वाजत नाही. लढाईत बँडवाले स्ट्रेचर उचलतात. म्हणून शांततेच्या काळात दर आठवड्याला दोन तास आमची स्ट्रेचर ड्रिल व्हायची. पेशंट म्हणून लंगरचा कुक झोपवायचे. त्याचं वजन मी गावात आठ मण सांगतो.

स्ट्रेचरचा पहिला नियम असा की चौघांनी पाय जुळवायचे नाहीत. पाय जुळले की स्ट्रेचर झुल्यासारखं वरखाली होतं, जखमा उघडतात, बांधलेलं सुटतं. पुढचा डावीकडचा आणि मागचा उजवीकडचा एका पायावर, बाकीचे दोघं दुसऱ्या पायावर. सांगायला सोपं. पण आम्ही बँडवाले. उठल्यापासून झोपेपर्यंत पाय जुळवायचेच धडे घेतलेले. डॉक्टरसाहेब ओरडायचे, "ब्रेक स्टेप! ब्रेक स्टेप!" आणि वीस पावलांत सगळ्यांचे पाय पुन्हा एका ठेक्यात. त्यात मी ढोलवाला. माझा पाय पडला की बाकीच्या तिघांचे आपोआप पडायचे. एका महिन्यात कुक तीनदा खाली पडला. तिसऱ्यांदा तो उठला, पार्श्वभाग झटकला आणि चालत लंगरमध्ये निघून गेला. त्या दिवशी बँडला चहा मिळाला नाही.

इनासला मात्र ते पहिल्या दिवशीच जमलं.

"तुला कुनी शिकवला रं?" मी विचारलं.

"देवानं."

"कंच्या देवानं?"

"मेलेल्या."

मी म्हटलं, हा माझ्यापेक्षा मोठा थापाड्या. मग बुटांना पॉलिश करता करता त्याने सगळं सांगितलं.

गुड फ्रायडेला त्यांच्या चर्चमध्ये लाकडाचा देव क्रुसावरून उतरवतात. त्याचे खांदे बिजागरीचे असतात, म्हणजे पसरलेले हात मिटून अंगाशी घेता येतात. त्याला लाकडी खाटेवर निजवतात आणि मयतासारखा वाडीतून फिरवतात. खाटेला चार कोपरे, आणि प्रत्येक कोपरा एका घराचा. बापाकडून मुलाकडे. मागचा उजवा, ज्याला ते चौथा कोपरा म्हणत, तो इनासच्या घरचा. बाप खाडीत बुडाला तेव्हा इनास सोळाचा होता. तेव्हापासून तोच धरायचा.

"पाय जुलला का देवाचा हात सुटून खाटंच्या बाहीर लोंबतो," तो म्हणाला. "हात लोंबला का त्या साली वाडीतला एक मानूस बुडतो. आमचा पेद्रूबाबा मागनं बोंबलत येतो, ठेका मोडा, ठेका मोडा. तुमचा डॉक्टर तर लय मवाल बोलतो."

"आनि कोपरा असून मिलतो काय? पगार?"

"देव आपल्या दारात थांबतो. चार कोपऱ्यांच्या चार दारांतच थांबतो, दुसऱ्या कुठं नाय. घरची बाय बाहीर येते, देवाचा तोंड पुसते, मंग खाट उचलायची." त्याने बुटावर फुंकर मारली. "माजी आय त्या एका मिनिटासाठी वरीसभर जगते."

म्हणून इनासची रजा दरवर्षी त्याच आठवड्यात. सुभेदारसाहेब अर्जावर सही करताना म्हणायचे, "क्यों रे, तेरा भगवान हर साल मरता है?"

"हां साब. कंधा हर साल देना पडता है."

पाच वर्षांत एकदाही त्याची रजा नाकारली गेली नाही.

बासष्टच्या नोव्हेंबरात आम्ही नेफात, चीनच्या सीमेवर होतो. तिथल्या थंडीच्या माझ्याकडे चाळीस गोष्टी आहेत. ढोलाचं कातडं असं ताणलं गेलं होतं की त्यावर माशी बसली तरी सुभेदारसाहेब अटेन्शनमध्ये यायचे, ही त्यातली सगळ्यात बारकी. आज बाकीच्या सांगत नाही. अंगात सुती शर्ट आणि एक जर्सी, पायात कॅनव्हासचे बूट. हे मात्र खरं आहे.

सकाळी सात दहाला तोफांचा मारा सुरू झाला. नऊ चाळीसला पुढच्या कंपनीचा वायरलेस आला.

"दो कॅज्युअल्टी. एक लाइंग, एक वॉकिंग. स्ट्रेचर भेजो. ओव्हर."

"स्ट्रेचर निकल गया. आउट."

आम्ही चौघं. इनास, मी आणि दोन क्लॅरिनेटवाले. पहिला जखमी आम्ही दहा पन्नासला खाली आणला. पलटणीचं मलमपट्टीचं ठाणं, त्याला आरएपी म्हणतात, ते नाल्याच्या पलीकडे होतं. चढ असा की वर जाताना गुडघा छातीला लागायचा. अकरा पंचवीसला दुसरी फेरी निघाली. अकरा पन्नासला मॉर्टरचा गोळा वाटेच्या वरच्या अंगाला पडला आणि इनास बसला. पडला नाही, बसला. मांडीतून रक्त येत होतं. मी फील्ड ड्रेसिंग आवळून बांधली. तो म्हणाला, "ढोलासारखी आवल." मी आवळली. रक्त थांबलं.

स्ट्रेचर रिकामं होतंच. त्यावर त्यालाच घेतलं. चौथ्या दांड्याला कंपनीचा एक शिपाई आला. बारा दहाला मागे हटायची ऑर्डर आली आणि बारा पंधराला आमच्या वाटेवर मशीनगन चालू झाली.

पुढचं मी पुढेच सांगतो. ते मी पहिल्यांदा जिथे तोंडातून काढलं, तिथेच ते सांगायला हवं. इथे एवढंच लिहितो की इनास त्या दिवशी बारा चाळीसला गेला. पलटण त्या संध्याकाळपर्यंत बरीच खाली आली होती. नंतरच्या चार दिवसांच्या चालीत माझ्या उजव्या पायाची दोन बोटं थंडीने गेली.

डिसेंबरात मी मिलिटरी हॉस्पिटलात होतो. सगळ्यांना घरी पत्रं लिहायला सांगितली होती. मी इनासच्या आईला लिहायला घेतलं. तिचं नाव इजाबेल, वाडी तिला इजाबाय म्हणायची. पहिल्या ओळीत तुमचा मुलगा गेला असं लिहिलं आणि पेन थांबलं. खरं होतं ते लिहायला पुढे चार ओळी लागल्या असत्या. त्या चार ओळी मला येईनात. मग मला जे येतं ते मी केलं.

मी लिहिलं की इनासला लष्करी इतमामाने निरोप दिला. खाटेच्या चार कोपऱ्यांना चार अफसर होते, त्यांतले दोन कर्नल. बिगुल वाजला. एकवीस तोफा झाल्या. बर्फ पडत होतं ते तेवढ्यापुरतं थांबलं. शत्रूनेसुद्धा गोळीबार बंद ठेवला आणि त्यांच्या एका अफसरने दुरून टोपी काढली. पत्र सहा पानं झालं. लिहून झाल्यावर मलाच रडू आलं, इतकं ते चांगलं झालं होतं.

एप्रिलात मला सिक लीव्ह मिळाली. घरी दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी इनासची पेटी घेऊन निघालो. पेटीत त्याचा मफलर, जपमाळ, आईचा एक फोटो आणि कॉर्नेटचं फुंकायचं तोंड. कॉर्नेट सरकारी, ते जमा करावं लागलं. तोंडाचा तुकडा खाईत पडला असं मी क्वार्टरमास्टरला सांगितलं. ही थाप कोणी हिशोबात धरू नये.

पनवेलच्या स्टँडवरून सकाळची उरणची गाडी चुकली. दुपारची मिळाली. फाट्यावर उतरलो तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. तिथून मिठागरांच्या बांधावरून चालत पाऊण तास. दोन बोटं नसलेल्या माणसाला तास. दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग, डोळे उघडता येईनात इतके पांढरे. मागे कर्नाळा किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका उन्हात उभा. त्या ढिगांकडे बघत चालताना मला नेफातला तो उतार आठवत होता, म्हणून मी खाली पायाकडे बघत चाललो.

वाडीत शिरलो आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. एकाही चुलीचा धूर नाही. रेडिओ नाही, भांडण नाही. आमच्या खाडीकाठच्या गावात दुपारी भांडण नाही म्हणजे माणसं तरी मेलीत नाहीतर पोलीस तरी आलेत. बायका काळी लुगडी नेसून ओट्यांवर बसलेल्या. चर्चच्या घंटेला फडकं बांधलेलं. एक माणूस लाकडाचं कसलंसं यंत्र हाताने फिरवत गल्लीतून चालला होता, त्याचा फक्त खट, खट, खट असा आवाज. एका ओट्यावर पांढऱ्या मिशांचा, लोखंडी कांबीसारखा म्हातारा बसला होता. मी पेटी खाली ठेवली.

"कोन गेला, बाबा?"

"देव," तो म्हणाला.

तेव्हा कुठे मला कळलं की आज कुठला वार आहे.

म्हातारा म्हणजेच तो पेद्रूबाबा. माझा लंगडा पाय, मिलिटरी पेटी बघून तो उभा राहिला. "तूच काय रं तो पत्रवाला?"

मी हो म्हटलं आणि ओटे रिकामे झाले. अर्धी वाडी माझ्याभोवती. माझं पत्र पाद्रीबाबांनी चर्चमध्ये आल्तारासमोर वाचलं होतं, दोन रविवार लागोपाठ. एका म्हातारीने माझा हात हातात घेतला. "बरफ खराच थांबला व्हता काय रं?"

"थांबला, मावशे."

"आनि तोफा एकवीस?"

"बावीस," मी म्हणालो. सवय वाईट.

इजाबाय मागे उभी होती. लहानखुरी बाई. केस पांढरे, पाठ मात्र ताठ. तिने मला घरात नेलं, पाणी दिलं. जेवायला देता येत नाही, आज उपास, म्हणाली. पेटी उघडली. मफलर नाकाला लावला आणि पुन्हा घडी करून ठेवला. कॉर्नेटचं तोंड बघितलं, त्यात फुंकून पाहिलं. आवाज आला नाही.

"तुज्या पत्राचा मी लय उपकार मानते," ती म्हणाली. "पन त्या पत्रानं माजा कोपरा गेला."

मला समजलं नाही. तिने सावकाश सांगितलं. कोपरा धरणारा मेला, की ज्याने त्याला शेवटचा खांदा दिला, त्याने पुढच्या गुड फ्रायडेला त्याचा कोपरा धरायचा. मेलेल्याचा खांदा असा जिवंताकडे येतो. मग पुढे कोणी धरायचा ते त्या घराने ठरवायचं. तिसऱ्या खटखटीपर्यंत खांदा देणारा पुढे आला नाही, तर कोपरा दुसऱ्या घराला जातो आणि परत फिरत नाही.

"इनासला खांदा दिला तुज्या चार अफसरांनी. पेद्रूबाबा बोलला, कर्नलला क्रूसवाडीत कोन बोलावनार? पत्र पाठवलं असतं तर आला असता काय रं कर्नल?"

मी पाण्याचा गडू हातात धरून बसलो होतो.

"पोराचा मयत दारात आला नाय," ती म्हणाली. "देवाचा तरी आला असता."

बाहेर पहिली खटखट झाली. तीन वाजून पन्नास मिनिटं.

आम्ही चर्चच्या आवारात गेलो. देवाला उतरवून खाटेवर ठेवलं होतं. मी असं काही आधी बघितलं नव्हतं. आमच्याकडे देव पालखीत बसतो, गुलाल उधळतात, ढोल वाजतो. इथे देव मेलेला होता. बरगड्या दिसत होत्या. गुडघे सोललेले. कोणीतरी ते लाकूड असं कोरलं होतं की त्याने खरा मेलेला माणूस जवळून बघितलेला असणार. मी पुष्कळ बघितले होते. मला तो ओळखीचा वाटला. मागे काळ्या झग्यातली त्याची आई, तीही लाकडाची, हात एकमेकांत घट्ट धरलेले. सगळी वाडी अनवाणी. मीही बूट काढले. माझा पाय बघून शेजारच्या माणसाने नजर वळवली.

तीन कोपऱ्यांना तीन माणसं उभी राहिली. चौथा रिकामा. जवळच पलीकडच्या घरचा एक जाडसर गडी हात चोळत उभा होता. कोपरा आता त्याच्या घरी जायचा होता. त्याच्या तोंडावर आनंद नव्हता. त्याला लाज वाटत होती.

दुसरी खटखट झाली. पेद्रूबाबाने रिवाजाप्रमाणे मोठ्याने विचारलं, "इनासला शेवटचा खांदा कुनी दिला?"

इजाबाय जमिनीकडे बघत होती.

मी फार ठिकाणी फार बोललो आहे. साखरपुड्यात बोललो, पंचायतीत बोललो, एकदा फौजदारापुढे तासभर बोललो. त्या आवारात पहिला शब्द काढायला मला जेवढा जोर लागला तेवढा कशाला लागला नाही.

"मी," म्हणालो.

पेद्रूबाबा वळला. "पत्रात तर अफसर हायत."

"अफसर नव्हतं. बिगुल नव्हता. तोफ एक पन नव्हती. आमची नव्हती, त्यांच्याच व्हत्या."

"मंग पत्र?"

"खोटा हाय. सगला खोटा. त्यो गेला एवडाच खरा."

कोणीतरी एक बाई "येसू रे" म्हणाली. पाद्रीबाबांनी डोळे मिटले. इजाबायने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघूनच सांगितलं, रिपोर्ट देतात तसं. दुसरं कसं सांगतात ते मला येत नव्हतं.

बारा पंधराला मशीनगन चालू झाली. मी स्ट्रेचरच्या पुढच्या डाव्या दांड्याला होतो. आम्ही धावत सुटलो. मला भीती वाटली, आणि भीती वाटल्यावर माझ्या तोंडातून आलं लेफ्ट, राइट, लेफ्ट, राइट. पाच वर्षं मी पलटणीला पाय जुळवून दिले होते. त्या तिघांचेही जुळले. स्ट्रेचर उडायला लागलं. मागून इनास म्हणाला, "ठेका मोड, बाला." मी ऐकलं. पाय ऐकेनात. तो पुन्हा म्हणाला, "ठेका मोड." त्याचा हात बाहेर लोंबत होता, प्रत्येक पावलाला माझ्या पोटरीला लागत होता. बारा तीसला नाल्यात पोचलो आणि खाली ठेवलं. ड्रेसिंग सुटून गुडघ्यावर आलं होतं. मी पुन्हा आवळलं, पण आता आवळून उपयोग नव्हता. आरएपी तिथून हललं होतं. तो दहा मिनिटं होता. शुद्धीवर होता. मला शिवी दिली, पनवेलची. मग आईचं नाव घेतलं. बारा चाळीस.

हवालदार आला आणि म्हणाला, स्ट्रेचर खाली करा, वर जिवंत माणसं आहेत. दोघं क्लॅरिनेटवाले आणि तो शिपाई स्ट्रेचर घेऊन गेले. मी इनासला खांद्यावर घेतलं. नाल्यापासून एका मोठ्या खडकापर्यंत. सव्वीस पावलं. त्याच्यावर दगड रचले. क्रूस करायला वेळ नव्हता. बारा पंचावन्नला मी निघालो.

"एकट्यानं?" पेद्रूबाबाने विचारलं.

"एकट्यानं."

पुढचं बोलताना मी इजाबायकडे बघू शकलो नाही. "मावशे, मी ठेका मोडला असता तर..."

तिसरी खटखट झाली.

इजाबाय चालत माझ्यापाशी आली. ती मला मारील असं वाटलं, आणि मारावं असंही वाटलं. तिने माझा उजवा खांदा हाताने चाचपला, बाजारात वजन करायच्या आधी मासळी चाचपतात तसा. हात तिने तिथेच ठेवला. मी त्याला त्याच खांद्यावर घेतलं होतं, पण ते तिला सांगितलं नव्हतं.

मग ती पेद्रूबाबाला म्हणाली, "हा माज्या घरचा कोपरा धरील."

"बाय, हा आगरी हाय. आपला नाय."

"इनासला उचलला तवा कोनाचा व्हता?"

पेद्रूबाबाने पाद्रीबाबांकडे बघितलं. पाद्रीबाबा तरुण होते. ते म्हणाले, "कोपरे वाडीचे आहेत, बाबा. मला विचारू नका." पलीकडच्या घरचा जाडसर गडी एक पाऊल मागे सरला आणि त्याने सुटकेचा निःश्वास सोडला.

चार वाजून वीस मिनिटांनी खाट उचलली.

पुढे खटखट्याचा माणूस, मग मेणबत्त्या घेतलेल्या बायका, मग आम्ही, मागे काळ्या झग्यातली आई. गाणं जुन्या कुठल्यातरी भाषेतलं होतं. गाणाऱ्यांनाही त्याचा अर्थ येत नसावा, पण चाल येत होती. पहिल्या दहा पावलांत माझा पाय पुढच्या माणसाच्या पायाशी जुळायला लागला. मला ते टाचेपासून कळलं. मागून पेद्रूबाबा बोलण्याआधी मी एक पाऊल गाळलं. तुटलेल्या बोटांचा पाय आधी, मग दुसरा. गाण्याच्या चालीकडे कान द्यायचा नाही, खटखटीकडे द्यायचा नाही. मेलेल्या माणसाशिवाय कशाकडेच लक्ष द्यायचं नाही. देवाचे हात छातीवर होते. मी सगळी वाट त्याच्या उजव्या हातावर नजर ठेवून चाललो.

पहिलं दार झालं, दुसरं झालं. प्रत्येक दारात खाट तिकाटण्यांवर ठेवायची, घरची बाई बाहेर येऊन नव्या फडक्याने देवाचं तोंड पुसायची, थोडं गुलाबपाणी शिंपडायची आणि आत जायची. एक मिनिट, जास्त नाही. तिसऱ्या दाराशी ऊन खाली आलं होतं आणि मिठाच्या ढिगांवर तांबूस पडलं होतं.

पाच वाजून दहा मिनिटांनी आम्ही इजाबायच्या दारात थांबलो.

ती फडकं न घेता आली. तिच्या हातात इनासचा मफलर होता, पलटणीचा, हिरवा. तिने त्याने देवाचं तोंड पुसलं. मग सोललेले गुडघे. मग ती खाटेच्या उजव्या बाजूला आली, माझ्यासमोर, आणि देवाच्या मांडीवरून हात फिरवला. तिथे जखम नव्हती. त्या देवाची जखम बरगडीत असते. तिने मफलर मांडीभोवती एकदा गुंडाळला आणि गाठ मारली. बोटं म्हातारी, पण गाठ होडीवाल्या घरची. कोणी तिला अडवलं नाही. मिनिटाची पाच झाली असतील. पेद्रूबाबा पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

तिने गाठ ओढून बघितली. मग मला म्हणाली, "आता सुटनार नाय. उचल."

आम्ही उचलली.

पुढच्या वर्षी तिने कोपरा भाच्याला दिला. मला पत्र आलं, दीड पानी, पाद्रीबाबांच्या अक्षरात: रजा मिळाली तर ये, त्याला चालायला शिकव. मिळाली. नंतर बऱ्याच वर्षी मिळाली. रिटायर झाल्यावर तर मी दरवर्षीच जात होतो. इजाबाय गेली तेव्हा तिला पुढचा डावा खांदा माझा होता.

पलटणीच्या कागदांत इनास आधी मिसिंग होता, मग बिलीव्ह्ड किल्ड. नाल्याच्या डाव्या काठाला, चढाकडे तोंड करून उभं राहिलं तर सव्वीस पावलांवर एक करडा खडक आहे. त्याच्या पायथ्याला दगड आहेत. तिकडे कोणी जात असेल तर बघावं.

आमच्या रोडपालीत त्या मिरवणुकीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पारावरची पोरं मला खोडी काढायला मुद्दाम विचारतात, आबा, देव किती जड होता? त्यांना वाटतं मी दहा मण सांगीन. मी हलका होता म्हणतो. वाळलेलं लाकूड, एका हाताने उचललं असतं.

इनास जड होता.